लहान खोलीसाठी लाकडाचा स्टोव्ह निवडताना

इंग्लंडमधील जुन्या घरांत बैठकीच्या खोलीत शेकोटीचा विटांचा कोनाडा आणि त्यावर छपरापर्यंत गेलेले धुराडे बहुधा असतेच. त्या कोनाड्यात लाकडावर चालणारा बंद स्टोव्ह बसवण्याची तेथे मोठी हौस आहे. २०२२ मध्ये गॅस व विजेचे दर भडकल्यावर या स्टोव्हची मागणी आणखी वाढली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी असे जुने घर घेतले आहे, त्यांच्यापुढेही हा प्रश्न कधी ना कधी येतो.

स्टोव्ह म्हटले की आपल्याला पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतो. प्रस्तुत प्रकार मात्र न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाच्या जवळचा आहे. विस्तव, त्याखाली राखेचा कप्पा आणि वर धूर ओढून नेणारी नळी ही रचना तीच. फरक एवढाच की बंबाने पाणी तापते, तर येथे खोली. आणि पुढच्या बाजूस ज्वाळा दिसावी म्हणून उष्णतारोधक काचेचे दार असते.

निवडीत सर्वाधिक चूक होते ती आकारमानाबाबत. खोलीचे घनफळ मीटरमध्ये काढून त्यास १४ ने भागावे. येणारा आकडा म्हणजे साधारण आवश्यक तेवढे किलोवॉट, असा तेथील विक्रेत्यांचा ढोबळ नियम आहे. चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच खोलीचे घनफळ ३३.६ घनमीटर होते. म्हणजे तिला जेमतेम अडीच किलोवॉट पुरतात. भिंतींना उष्णतारोधक थर असेल, तर त्याहूनही कमी.

तरीही दुकानात गेल्यास पहिल्यांदा पुढे केला जातो तो पाच किलोवॉटचा स्टोव्ह. याचे कारण खोलीच्या गरजेत नसून इमारतविषयक नियमांत आहे. जुन्या, हवेची ये-जा असलेल्या घरात पाच किलोवॉटपर्यंतच्या स्टोव्हसाठी भिंतीला कायमस्वरूपी झरोका पाडावा लागत नाही. त्यापुढील प्रत्येक किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटरची उघडी जागा ठेवावी लागते. त्यामुळे पाचचा आकडा बाजारात रूढ झाला. ग्राहकही ‘थोडा मोठाच बरा, हवा तेव्हा मंद करता येईल’ असा विचार करतो. गॅसच्या शेगडीबाबत हे ठीक आहे, लाकडाबाबत नाही.

लाकूड प्रथम तापून वायू सोडते आणि त्या वायूंची ज्वाळा होते. हवा कमी करून विस्तव मंद केला की हे वायू न जळताच नळीत जातात. तेथे थंड पृष्ठभागावर त्यांचा काळा, चिकट डांबरी थर बसतो. पुढे एखाद्या दिवशी विस्तव जोरात पेटला, तर हाच थर धुराड्यात आग लावू शकतो. काच काळवंडते, शेजाऱ्यांकडे धूर जातो आणि धुराड्याची ओढ मंदावली तर कार्बन मोनॉक्साईड खोलीत परतण्याची भीती निर्माण होते. या वायूला वास नाही, रंग नाही. म्हणून लहान खोलीत लहानच स्टोव्ह घ्यावा आणि तो मोकळ्या ज्वाळेने जाळावा. माहितीपत्रकात ‘दोन ते चार किलोवॉट’ अशी कक्षा दिलेली असते; आपली गरज त्या कक्षेत सहज बसली पाहिजे.

लहान स्टोव्हची अडचणही सांगितली पाहिजे. त्याच्या पोटात मोठे ओंडके मावत नाहीत; वीस-पंचवीस सेंटिमीटरचे तुकडे लागतात. वाळलेले एक किलो लाकूड सुमारे चार किलोवॉट-तास उष्णता देते आणि त्यातील तीन-चतुर्थांश खोलीला मिळते, असे धरले, तर आपल्या खोलीसाठी तासाला पाऊण किलोहून थोडे अधिक सरपण लागेल. म्हणजे वरचेवर उठून एखादी ढलपी टाकणे आले.

बीड की पोलाद, यावर विक्रेते बराच वेळ घालवतात. पोलाद लवकर तापते, बीड उष्णता अधिक वेळ धरते. लहान खोलीत यापेक्षा जागेचा प्रश्न महत्त्वाचा. सोफा, पडदे, लाकडी कपाट यांपासून किती अंतर हवे हे उत्पादकाने लिहून दिलेले असते आणि ते खरेदीपूर्वीच फूटपट्टीने मोजावे. खोलीला लागूनच उघडे स्वयंपाकघर असल्यास अधिक सावध राहावे. फोडणीच्या वेळी लावलेला एक्झॉस्ट पंखा हवा खेचताना स्टोव्हचा धूरही घरात ओढून घेऊ शकतो. नव्या, घट्ट बांधणीच्या घरात थेट बाहेरून नळीने हवा घेणारा स्टोव्हच पाहावा.

स्टोव्ह बसवण्याचे काम ‘हेटास’कडे नोंदलेल्या कारागिराकडून करून घ्यावे, अन्यथा स्थानिक कौन्सिलची परवानगी काढावी लागते. इंग्लंडमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा इशारा देणारे यंत्र बसवणे २०१० पासून बंधनकारक असून, ते स्टोव्हपासून आडव्या अंतराने एक ते तीन मीटरवर असावे. धुराडे वर्षातून किमान एकदा झाडून घ्यावे.

लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात पडलेल्या विषारी धुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि धूरनियंत्रित क्षेत्रे आखली गेली. आज लंडनचा बहुतेक भाग त्यात मोडतो. तेथे लाकूड जाळायचे तर सवलतप्राप्त यादीतील स्टोव्हच हवा. धूर दिसल्यास १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. २०२२ च्या आरंभापासून नवे स्टोव्ह ‘इकोडिझाइन’ निकषांत बसणे आवश्यक आहे, त्यामुळे जुना स्टोव्ह स्वस्तात मिळाला तरी मोहात पडू नये. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळणात ओलावा वीस टक्क्यांहून अधिक चालत नाही.

इतके करूनही दार उघडताना थोडे सूक्ष्म कण खोलीत येतातच, आणि लहान खोलीत ते विरायला जागा कमी. घरात दम्याचा रुग्ण वा तान्हे मूल असेल आणि रेडिएटर व्यवस्थित चालत असतील, तर स्टोव्ह न घेणे हाच निर्णय योग्य ठरेल.