ख्रिस्ती विवाहसंगीत

ख्रिस्ती विवाहसंगीत म्हणजे चर्चमधील विवाहविधीच्या प्रसंगी गायिले वा वाजविले जाणारे संगीत होय. वधूचे आगमन, बायबलवाचनानंतरचे स्तोत्रगायन, नोंदवहीवरील स्वाक्षऱ्या आणि नवदांपत्याचे निर्गमन या टप्प्यांसाठी प्रामुख्याने संगीताची निवड केली जाते.

आगमनासाठी रिचर्ड वाग्नर यांच्या ‘लोहेनग्रीन’ (१८५०) या ऑपेरातील वधूगीत, तर निर्गमनासाठी फेलिक्स मेंडेल्सन यांचे ‘वेडिंग मार्च’ (१८४२) प्रसिद्ध आहे. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येच्या विवाहात वाजविले गेल्यानंतर मेंडेल्सनच्या रचनेचा विशेष प्रसार झाला. दोन्ही रचना मुळात रंगभूमीसाठी आहेत. ऑपेरात वधूगीत विवाहानंतर शयनगृहात गायिले जाते आणि त्याच रात्री त्या दांपत्याची ताटातूट ओढवते.

रोमन कॅथलिक पंथात विवाह हा संस्कार मानला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजानुसार उपासनागीतांचे शब्द प्रामुख्याने बायबल व उपासनाग्रंथांवर आधारलेले असावेत. त्यामुळे अनेक चर्चमध्ये वधूवरांच्या आवडीची लौकिक गीते विधीत न घेता स्वागतसमारंभासाठी राखली जातात. गीतांची पत्रिका छापण्यापूर्वी धर्मगुरू व ऑर्गनवादक यांच्याशी विचारविनिमय करणे म्हणूनच आवश्यक ठरते.