बालवर्गातील फर्निचर आणि अ‍ॅबोरिजिनल चित्रकला
ऑस्ट्रेलियातील काही बालवर्गांत अ‍ॅबोरिजिनल म्हणजेच मूलनिवासी चित्रकला मेज, बाके व गालिच्यांवरही आढळते. २००९ च्या राष्ट्रीय पूर्वप्राथमिक आराखड्याच्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत मूलनिवासींच्या दृष्टिकोनाला स्वतंत्र तत्त्वाचे स्थान मिळाले. १९७१ मध्ये पापुन्या येथील शाळेच्या भिंतीवर ज्येष्ठांनी मधमुंगीची कथा रंगविली आणि वाळवंटातील आधुनिक चित्रचळवळीला प्रारंभ झाला.

या आकृत्या निव्वळ नक्षी नव्हेत. त्यांत भूमीच्या व पूर्वजांच्या कथा असून, त्या रेखाटण्याचा अधिकार परंपरेने ठराविक कुळांकडेच असतो. मूलनिवासी चित्रकारांच्या चित्रांची विनापरवाना नक्कल केलेले गालिचे आयात करणाऱ्या कंपनीला १९९४ मध्ये न्यायालयाने भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणूनच असे फर्निचर घेताना चित्रकाराचे नाव, त्याचा समाज, परवानगी व मानधन यांची खातरजमा करणे अगत्याचे ठरते.