झाशीत घर कोठे घ्यावे? परकोट्यातील जुने शहर आणि कानपूर रस्त्यावरील वसाहती : एक तुलना

झाशी : उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात झाशी, मऊरानीपूर, मोठ, गरौठा आणि टहरौली अशा पाच तहसिली आहेत. जिल्ह्याच्या पूर्व भागातील टहरौलीसारख्या तहसिलीतून मुलांचे उच्च शिक्षण, वृद्धांचे औषधोपचार किंवा नोकरी यांसाठी झाशी शहरात घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांपुढे बहुधा दोन पर्याय असतात : किल्ल्याच्या पायथ्याचे जुने शहर, किंवा कानपूर रस्त्यालगतच्या नव्या वसाहती. शेतीचा तुकडा विकून किंवा आयुष्यभराची शिल्लक मोडून घेतलेल्या घराचा निर्णय सहसा बदलता येत नाही. त्यामुळे या दोन्ही भागांची तुलना केवळ दरावर न करता कागदपत्रे, पाणी, अंतर आणि बांधकामाचे नियम यांच्या आधारे करणे हिताचे ठरते.

दोन भागांची ओळख

ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी 1613 मध्ये झाशीचा किल्ला बांधला. अठराव्या शतकात झाशी मराठ्यांकडे आल्यावर सुभेदार नारो शंकर यांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि त्याच्या आश्रयाने शहर वाढले. लक्ष्मी, ओरछा, दतिया, खंडेराव या दरवाजांची नावे आजही वस्त्यांची ओळख म्हणून वापरली जातात. येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा इतिहासही याच गल्ल्यांशी निगडित आहे. येथे घरे एकमेकांना लागून असून बाजार आणि देवळे पायी अंतरावर आहेत.

कानपूर रस्त्याचा भाग तुलनेने नवा आहे. महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, तसेच 1975 मध्ये स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ याच रस्त्यावर आहे. रुंद रस्ते, वाहन उभे करण्यास जागा आणि स्वतंत्र भूखंड ही या वसाहतींची आकर्षणे होत.

जुन्या शहरातील मुख्य प्रश्न : हक्क आणि परवानगी

जुन्या घरांचा पहिला प्रश्न मालकीचा असतो. तीन-चार पिढ्या एकत्र नांदलेल्या घराची वाटणी कित्येकदा कागदावर झालेलीच नसते. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. त्यामुळे केवळ भावांच्या सह्यांवर झालेला व्यवहार पुढे न्यायालयात जाऊ शकतो. विवाहित बहिणींसह सर्व वारसांची संमती खरेदीखतात असल्याची खात्री करावी. घरात जुना भाडेकरू असल्यास त्याचा ताबा कधी व कसा सुटणार, हेही लेखी ठरवून घ्यावे.

दुसरा प्रश्न पुरातत्त्व कायद्याचा. झाशीचा किल्ला आणि राणी महाल ही दोन्ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असून तेथे नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. त्यापुढील 200 मीटरच्या क्षेत्रात परवानगी घेऊनच बांधकाम करता येते. जुने घर पाडून दोन मजले चढवण्याचा विचार असेल, तर विसार देण्यापूर्वीच घराचे स्मारकापासूनचे अंतर तपासणे अत्यावश्यक आहे. ही अट घर विकत घेतल्यावर कळली, तर त्या घराची उपयुक्तता कायमची मर्यादित होते.

मंजूर नकाशा नसलेल्या किंवा फार जुन्या इमारतीवर कर्ज देताना बँका हात आखडता घेतात. अरुंद गल्लीत रुग्णवाहिका अथवा अग्निशमन बंब येऊ शकत नाही. बांधकामाचे साहित्यही हातगाडीने आणावे लागते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. मात्र जाड भिंतींची जुनी घरे बुंदेलखंडाच्या कडक उन्हाळ्यात नव्या पातळ भिंतींच्या घरांपेक्षा थंड राहतात, हा लाभही हिशेबात धरावा.

नव्या वसाहतींतील मुख्य प्रश्न : जमीन आणि मंजुरी

शहराच्या कडेचे अनेक भूखंड मुळात शेतजमिनीचे असतात. महाराष्ट्रातील सातबाऱ्याप्रमाणे उत्तर प्रदेशात खतौनी हा जमिनीचा मूलभूत अभिलेख असून तो राज्याच्या भूलेख संकेतस्थळावर पाहता येतो. महाराष्ट्रातील अकृषिक परवानगीशी मिळतीजुळती तरतूद उत्तर प्रदेश महसूल संहितेच्या कलम 80 मध्ये आहे. जुन्या कायद्यातील कलमावरून लोक आजही तिला ‘143’ म्हणतात. मात्र या घोषणेने वसाहतीचा आराखडा मंजूर होत नाही. त्यासाठी झाशी विकास प्राधिकरणाची मंजुरी स्वतंत्रपणे पाहावी. अनधिकृत वसाहतीतील बांधकामावर कारवाई झाल्यास त्याची सर्वाधिक झळ घर घेणाऱ्यालाच बसते.

स्थावर संपदा कायदा 2016 नुसार 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची ‘रेरा’ नोंदणी बंधनकारक आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम विकासकाने त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेले बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. नोंदणी नसलेल्या लहान भूखंडांच्या व्यवहारात हे संरक्षण मिळत नाही.

पाण्याची पाहणी मे महिन्यात

झाशीचा परिसर खडकाळ असल्याने कूपनलिकेला सर्वत्र सारखे पाणी लागत नाही. एका भूखंडावर पाणी भरपूर आणि शेजारी कोरडा खडक, असेही घडते. म्हणून नळजोडणी आहे का, पाणी किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे विक्रेत्याऐवजी शेजाऱ्यांना विचारावे. शक्य असल्यास एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात जागा पाहावी. पहिल्या भेटीत टंचाई कळते, तर दुसऱ्या भेटीत पाण्याचा निचरा.

खर्चाचा पूर्ण हिशेब

घराची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. शहरी भागात मुद्रांक शुल्क साधारण 7 टक्के व नोंदणी शुल्क 1 टक्का आहे. 30 लाख रुपयांच्या घरासाठी ही रक्कम 2 लाख 40 हजार रुपये होते. महिलेच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही सवलत एक कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला लागू करण्यास मंजुरी दिली. वरील उदाहरणात यामुळे 30 हजार रुपये वाचतात. करारातील किंमत आणि शासकीय सर्कल दर यांपैकी जी अधिक असेल तिच्यावर शुल्क आकारले जाते. जुन्या घरासाठी दुरुस्तीचा आणि नव्या घरासाठी रोजच्या प्रवासाचा खर्च यात मिळवला, तरच खरी तुलना होते.

निर्णयाचा क्रम

प्रथम कागदपत्रे, नंतर पाणी, त्यानंतर अंतर आणि शेवटी दर, असा क्रम ठेवावा. उपनिबंधक कार्यालयातील मागील किमान बारा वर्षांच्या नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्यात. स्थानिक व्यवहारात यालाच ‘बारहसाला’ म्हणतात. त्याआधी विसार, म्हणजेच बयाना, देऊ नये. खरेदीखतानंतर दाखिल-खारिज, म्हणजे फेरफार, आणि महानगरपालिकेच्या घरपट्टीवर नाव लावून घेणे विसरू नये.

नियमित रुग्णालयात जावे लागणारे वृद्ध किंवा विद्यापीठात शिकणारी मुले असलेल्या कुटुंबाला कानपूर रस्ता सोयीचा ठरतो. बाजारात व्यवसाय असणाऱ्यांना आणि पायी फिरून कामे उरकणाऱ्यांना जुने शहर अधिक जवळचे वाटते. मात्र सर्व वारसांची संमती किंवा मंजूर नकाशा यांपैकी काहीही अपुरे असेल, तर दर कितीही कमी असला तरी त्या व्यवहारापासून दूर राहणेच श्रेयस्कर.