उरलासुरला कापूस

भात, केळी, नारळ, नागवेलीची पाने. वसईच्या किनाऱ्यावर भुईगावासारख्या गावांत हे सारे पिकले, कापूस मात्र नाही. काळी माती आणि कोरडी हवा मागणारे ते पीक. पावसाळाभर पाणी धरणाऱ्या आणि खारा वारा खाणाऱ्या जमिनीला ते कसे मानवावे? कापूस यायचा तो खानदेश-वऱ्हाडातून, गुजरातेतून, आणि तोही पैसे मोजून. म्हणून आमच्याकडची गोधडी बहुधा जुनेरांचीच. लुगडे विरले की त्याचे थर घालायचे, त्यातल्या त्यात धड पदर वर ठेवायचा आणि बारीक धावदोरा घालायचा. कापूस भरला जाई तो गादीत, उशीत, फार तर पाहुण्यांसाठी राखलेल्या दुलईत.

गादी म्हटली की पिंजारी आला. त्याच्या पिंजणाची तात आतड्याची. डंबेलच्या आकाराच्या लाकडी दांड्याने तो तिच्यावर ठोका देई, तात थरथरे आणि तिच्या कंपाने गाठळलेला कापूस सुटा होऊन माती-कचरा खाली झडे. माझ्या लहानपणीही तो टणत्कार ऐकू येई. पण दर पिंजणीत तंतू तुटून आखूड होतात, थोडा कापूस धुळीबरोबर उडतो. त्यामुळे जुन्यात नव्याची भर घालावीच लागे. आणि भर घातली की चार मुठी उरत. त्या चार मुठींवर घरातल्या बायकांचा डोळा असे.

ह्या चार मुठींची किंमत एकदा साऱ्या मुंबईला कळली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर मुंबईकडे वळली. भाव असे भडकले, की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला आणि त्या जागी काथ्या भरला, अशी त्या काळच्या मुंबईची हकिकत सांगतात. कोणा आजाऱ्याच्या अंगाखालचा कापूसही गाठीत बांधला जाऊन लिव्हरपूलच्या वाटेला लागला असेल! १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबई-बडोदे रेल्वे मुंबईपर्यंत पोचली आणि गुजरातेतल्या गाठी वसईच्या दारावरून बंदराकडे धावू लागल्या. पुढे एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस मुंबईच्या दिवाळखोरीचा ठरला. प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेरही त्या पडझडीतून सुटले नाहीत. इतिहासकार बँकांचा आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांचा हिशेब चोख मांडतात. काथ्यावर निजलेल्यांच्या पाठीचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला दिसत नाही.

पिंजाऱ्याची महती गांधीजींना वेगळ्या तऱ्हेने पटली. गंगाबेन मजमुदारांनी बडोदे संस्थानातल्या विजापुरात माळ्यावर पडलेले चरखे शोधून काढले, कातणाऱ्या बायाही मिळाल्या. पण पेळू कोण देणार? तेव्हा गंगाबेननीच एक पिंजारी गाठला. त्याने महिना ३५ रुपये मागितले, आणि गांधीजींना ती रक्कम मुळीच जास्त वाटली नाही. ही हकिकत त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. सुताची कीर्ती चरख्याला मिळाली; पिंजणाचे चित्र कोणी निशाणावर काढले नाही!

आता त्या चार मुठी. नवा कापूस असेल तर देवाची वस्त्रमाळ, समईच्या वाती, फुलवाती. एकदा अंगाखाली गेलेला कापूस देवाला चालत नसे. ही शिस्त ज्या घरांत वाती वळल्या जात तिथे फार कडक. मग जुन्यातला स्वच्छ भाग निवडून तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेलाचा बोळा म्हणून जाई. मधला भाग बाहुलीच्या पोटात, टाचण्यांच्या गादीत आणि चुलीवरून भांडे उतरवायच्या कापडी चिमट्यात. अगदी कळकट उरे तो दाराच्या कडीला आणि बैलगाडीच्या आसाला तेल चोळायला. घरोघर क्रम थोडा बदले, पण टाकून देण्याची पाळी शेवटी येई.

आज गादी दुकानातून तयार येते, तीही फोमची. जिथे अजून कापूस पिंजतात तिथे बहुतेक ते काम विजेच्या यंत्रावर होते आणि गादी संध्याकाळी घरपोच मिळते. उरलेला कापूस मागून घ्यावा लागतो. काही जुन्या बायका अजून मागतात, आणि दुकानदार हसत हसत कागदात बांधून देतो.