समजून घ्या : पाम तेलाच्या मळ्यांत आग का लागते आणि ती रोखतात कशी?

बिस्किटं, फरसाण, साबण... पाम तेल आपल्या घरात रोज येतं. जगात सर्वाधिक पाम तेल आयात करणारा देश भारत आहे आणि इंडोनेशिया हा आपला एक प्रमुख पुरवठादार. याच इंडोनेशियात २०१५ साली सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र आगीत सापडलं. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार १६ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. धुरामुळे शेजारच्या सिंगापूर आणि मलेशियातही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ही सगळी आग पामच्या मळ्यांतली नव्हती, पण त्यांचा वाटा होता.

आग लावतात कशासाठी?

जमीन साफ करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काडेपेटी. शिवाय राखेमुळे जमिनीची आम्लता काही काळ कमी होते. इंडोनेशियातलं सुमारे ४० टक्के पाम क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. यंत्रं भाड्याने आणणं त्यांतल्या अनेकांना परवडत नाही.

ती लवकर विझत का नाही?

सुमात्रा आणि कालिमंतानमध्ये 'पीट' प्रकारची जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे हे थर काही ठिकाणी अनेक मीटर खोल असतात. ओले असताना ते सहसा पेटत नाहीत. मात्र लागवडीसाठी कालवे खणून पाणी काढलं की ते सुकतात. मग आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. वरून पाणी मारून ती विझत नाही, मोठ्या पावसाचीच वाट पाहावी लागते.

मग रोखायची कशी?

• जमीन ओली ठेवणं : कालव्यांवर बांध घालून पाणी अडवतात. नियमानुसार लागवडीखालच्या पीट जमिनीत पाण्याची पातळी पृष्ठभागापासून ४० सेंटीमीटरपेक्षा खाली जाता कामा नये.

• न जाळता पुनर्लागवड : पामचं झाड साधारण २५ वर्षांनी काढतात. खोडाचे तुकडे करून ते ओळींमध्ये कुजवतात आणि त्यावर वेलवर्गीय द्विदल पीक पसरवतात. आपल्याकडे उसाचं पाचट सरीत कुजवतात, तसंच हे. वेलींचं आच्छादन गरजेचं असतं, कारण कुजणाऱ्या खोडात गेंडा भुंगा वाढतो. कोकणातल्या नारळ बागायतदारांना तो चांगलाच माहीत आहे.

• गावांची साथ : काही कंपन्या हंगामभर आग न लागलेल्या गावांना विकासकामांसाठी बक्षीस देतात. गस्त, टेहळणी मनोरे आणि उपग्रहांवरून नजर ठेवणं हेही चालतं.

कायदा नाही का?

आहे. २००९ च्या कायद्यानुसार जाळून जमीन साफ करणं गुन्हा आहे. स्थानिक शेतकऱ्यांना मात्र २ हेक्टरपर्यंत, काही अटींवर सूट आहे. पीट जमिनी पूर्ववत करण्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली. शाश्वत पाम तेलाचं 'आरएसपीओ' प्रमाणपत्र हवं असेल, तर २०१८ च्या निकषांनुसार पीटवर नवी लागवड करता येत नाही.

अडचण कुठे आहे?

पाणी वर ठेवलं तर मुळांना हवा कमी मिळते आणि उत्पन्न घटण्याची भीती असते. कालवा एकाने अडवला तरी शेजाऱ्याच्या शेतातून पाणी निघून जातंच. त्यामुळे पूर्ण परिसराचं नियोजन एकत्र करावं लागतं. आणि छोट्या शेतकऱ्याला यंत्र किंवा पैसा न देता फक्त बंदी घातली, तर पुढच्या कोरड्या हंगामात तो पुन्हा काडेपेटीकडेच वळण्याची शक्यता जास्त.