होडीची डागडुजी आणि आंब्याचं झाड

मंडळी, आम्हा वैजापूरकरांना समुद्र तसा लांबच. पण आंबा वाढवायला किती वर्षं जातात, ते आम्हाला सांगावं लागत नाही. म्हणून ही गोष्ट.

कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत मेंटेनन्स: कुजलेली फळी बदला, सांध्यांत कापूस ठासा, तेल द्या. शिडाची होडी असेल तर शीडही शिवा. मराठ्यांच्या आरमारालाही पावसाळ्यात छावणी असायचीच. आता फळी बदलायची तर लाकूड हवं. ते आणायचं कुठून?

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (1715 च्या सुमारास) याचं उत्तर आहे. सागवान परवानगीने तोडा, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणा. आंबा-फणसही कामाचे, पण रयतेच्या झाडांना हात लावू नका. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्या.

गंमत बघा. हंगाम तोंडावर असला तरी आधी शेतकऱ्याला विचारायचं!

समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेलाय. भूसंपादन म्हटलं की आपण पहिलं विचारतो, "मोबदला किती?" आज्ञापत्रात पैशाच्या आधी 'राजी करणं' येतं. फरक आहे तो एवढाच.