वॉल स्ट्रीटवरील नक्कलनवीस

पाश्चात्त्य कथावाङ्मयातील प्रतीकांची चर्चा आमच्याकडे पुष्कळदा अशा थाटात होते की, जणू प्रतीक म्हणजे कथेवर वरून चढविलेला अलंकार. तो उतरवून ठेवला तरी कथेचा देह जसाच्या तसा राहावा. हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन लेखकाची 'बार्टल्बी' ही कथा वाचताना ही समजूत टिकत नाही. १८५३ च्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत न्यूयॉर्कच्या 'पटनम्स मंथली' मासिकात ती लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाली, आणि १८५६ मध्ये 'द पिआझा टेल्स' या संग्रहात आली. तिच्यातील भिंती, पडदा, तुरुंग, बेवारशी पत्रे ही प्रतीके आहेत खरी. परंतु त्यांतील प्रत्येक वस्तू त्या काळच्या अमेरिकेत हाताने चाचपून पाहता येण्याजोगी होती. एका माणसाचे एकटेपण या वस्तूंनी कसे घडविले, तेवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे. कोर्टकचेरीत आयुष्य काढणाऱ्यास ही कथा अंमळ अधिकच झोंबते, हे आरंभीच सांगून ठेवतो.

कथा सांगतो तो एक वयस्क वकील. त्याचे नाव शेवटपर्यंत कळत नाही. ज्यूरीपुढे गर्जना करणाऱ्यांपैकी तो नव्हे. श्रीमंतांची गहाणखते, कर्जरोखे आणि मालकीपत्रे सांभाळणारा, जॉन जेकब अ‍ॅस्टरसारख्या धनाढ्याने आपल्या सावधपणाची तारीफ केली हे कौतुकाने सांगणारा असा तो सुरक्षित गृहस्थ आहे. त्याला न्यूयॉर्कच्या चान्सरी कोर्टात 'मास्टर'ची जागाही मिळाली होती. त्या कोर्टाचा सारा कारभार लेखी; साक्षीसुद्धा कागदावर उतरवून घेत, आणि मास्टरला कामाच्या मानाने शुल्क मिळे. न्यूयॉर्क राज्याच्या १८४६ च्या घटनेने हे कोर्टच मोडीत काढले व १८४७ मध्ये त्याचा कारभार संपला. जन्मभराची समजलेली मिळकत अशी हातची गेल्याचे दुःख वकीलसाहेब कथेच्या आरंभीच बोलून मोकळे होतात. मेल्व्हिलला हे जग ऐकीव नव्हते. त्याचा भाऊ अ‍ॅलन वॉल स्ट्रीटवर वकिली करी. सासरे लेम्युएल शॉ हे १८३० ते १८६० अशी तीस वर्षे मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश होते.

कागद वाढला म्हणजे नकला वाढतात. टंकयंत्र बाजारात येण्यास अजून वीस वर्षे होती. शंभर शब्दांचा एक 'फोलिओ', आणि प्रत्येक फोलिओमागे चार सेंट, हा कथेतील नक्कलनविसाचा दर. नक्कल उतरली की ती मुळाशी ताडून पाहावयाची: एकाने वाचावे, दुसऱ्याने डोळ्यांखालून घालावे. आमच्या कचेऱ्यांत यालाच 'रुजवात' म्हणतात. हे काम एकट्याचे नव्हे, दुसरा माणूस लागतोच. नक्कलनविसाला इंग्रजीत 'स्क्रिव्हनर' म्हणत, आणि गोमंतकातील कोमुनिदादींच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना 'इश्क्रिव्हांव' ठाऊक आहेच. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे.

या कचेरीत बार्टल्बी येतो. फिकट, नीटनेटका, कमालीचा शांत. पहिले दोन दिवस भुकेल्यासारखा नकला उतरवितो. तिसऱ्या दिवशी वकील त्याला एका छोट्या कागदाची रुजवात घेण्यास हाक मारतो, तेव्हा ते करणे आपणांस पसंत नाही, असे तो अगदी सौम्यपणे सांगतो. उद्धटपणा नाही, कारण नाही, मागणीही नाही. ध्यानात घ्यावे की, त्याने प्रथम नाकारले ते लिहिणे नव्हे. दुसऱ्या माणसाबरोबर बसून करावयाचे काम नाकारले. पुढे हा नकार वाढत जातो. तो निरोपाला जात नाही, पोस्टात जात नाही, आणि अखेर लेखणीही खाली ठेवतो.

आता त्याची बैठक पाहा. कचेरीच्या एका टोकाच्या खिडकीतून दिसते पांढरी भिंत, दुसऱ्या टोकाकडून दहा फुटांवर विटांची, काळवंडलेली भिंत. बार्टल्बीचे मेज अशा खिडकीशी लावले आहे की, तिच्यापुढे तीन फुटांवर आणखी एक भिंत. प्रकाश येतो तो दोन उंच इमारतींच्या फटीतून, फार वरून. मधे हिरव्या रंगाचा घडीचा पडदा. तो स्वतः मालकानेच उभा केला आहे, तोही अशा हिशेबाने की, माणूस दिसू नये पण हाक मारताच ऐकू यावी. ज्या रस्त्यावर ही कचेरी आहे त्याचे नावच भिंतीवरून पडले: डचांनी १६५३ मध्ये येथे लाकडी तट उभारला आणि इंग्रजांनी १६९९ मध्ये तो पाडला. पुढे १८३५ च्या डिसेंबरातील मोठ्या आगीत या भागातील शेकडो इमारती भस्म झाल्या. त्यांच्या जागी विटादगडांच्या व्यापारी इमारती दाटीने उभ्या राहिल्या, आणि राहती कुटुंबे उत्तरेकडे सरकली. पूर्वी मालकाच्या घरी जेवणारा उमेदवार आता भाड्याच्या खोलीत एकटा राहू लागला. घर आणि धंदा यांची फारकत झाली. म्हणूनच एका रविवारी चर्चला जाता जाता वकील कचेरीत डोकावतो, तेव्हा त्या गजबजलेल्या रस्त्यावर चिटपाखरू नसते. आत सापडतो बार्टल्बी. एक कांबळे, साबणाची वडी, फाटका टॉवेल, वर्तमानपत्रात आल्याच्या बिस्किटांचा चुरा व चीजचा तुकडा: एवढाच त्याचा संसार, आणि तो कचेरीतच मांडलेला.

वकील दुष्ट नाही. या कथेचा सारा जीव येथे आहे, असे आमचे मत आहे. तो पैसे देऊ करतो, दुसरी नोकरी सुचवितो, शेवटी आपल्या घरी चल म्हणतो. पण त्याच्या मनाचे रकाने कायद्याने आखलेले आहेत, आणि बार्टल्बी त्यांपैकी एकातही बसत नाही. काम करीत नाही म्हणून नोकर नव्हे. भाडे देत नाही म्हणून भाडेकरू नव्हे. काही मागत नाही म्हणून याचक नव्हे. पळत नाही म्हणून चोरही नव्हे. निरुपायाने वकील स्वतःच बिऱ्हाड हलवितो. माणूस हालत नाही, म्हणून कचेरी हालते! मागाहून आलेले भाडेकरू व जागेचा मालक एवढे सहनशील नसतात. ते पोलिसांकरवी त्याला भटक्या म्हणून तुरुंगात पाठवितात. जो जागचा हलत नाही तो भटक्या कसा, आणि जो जगतो आहे त्याला जगण्याचे साधन नाही असे कसे म्हणावे, ही शंका वकिलाने पूर्वीच स्वतःशी काढलेली असते. तरी प्रसंगी त्या आरोपाविरुद्ध तो उभा राहत नाही, उलट त्या उपायाला मनातून संमतीच देतो.

हा आरोप लेखकाच्या कल्पनेतून आलेला नाही. १८३७ च्या न्यूयॉर्क विरुद्ध मिल्न या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दरिद्री व भटक्या माणसांपासून शहराचे रक्षण करणे हे रोगराईपासून रक्षण करण्याइतकेच रास्त ठरविले होते. आम्हीही यात फार मागे नव्हतो. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९८ च्या फौजदारी कार्यविधीतील कलम १०९ अन्वये उपजीविकेचे उघड साधन नसलेल्या इसमाकडून जामीन मागता येई, आणि ती तरतूद १९७३ च्या संहितेतच गळली. आमच्या समाजात माणूस एकटा पडे तो बहुधा वाळीत टाकल्यामुळे. ती रीत क्रूरच, आणि महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने तो गुन्हाही ठरला. परंतु वाळीत टाकण्यास निदान चार माणसे बसावी लागत, ठराव करावा लागे. बार्टल्बीविरुद्ध कोणीच ठराव केलेला नाही.

गोगोलच्या 'ओव्हरकोट' (१८४२) या रशियन कथेतही असाच एक नक्कलनवीस आहे. वर्षाला चारशे रूबल पगार, आणि ऐंशी रूबलांचा कोट शिवविण्यासाठी उपाशीपोटी झोपणे. पण त्याला कोट तरी हवा असतो, आणि मरणोत्तर त्याचे भूत लोकांचे कोट हिसकावते. तेथे वाचकाला थोडे समाधान मिळते. मेल्व्हिल ते देत नाही.

ज्या तुरुंगात बार्टल्बीला नेले, तो १८३८ मध्ये इजिप्शियन धाटणीत बांधलेला, तळे बुजविलेल्या ओलसर जमिनीवर उभा, आणि लोक त्याला 'टूम्स' म्हणजे थडगीच म्हणत. प्रतीक शोधण्याचे श्रम येथे लेखकाला पडलेच नाहीत. वकील तेथील खाणावळवाल्याला पैसे देऊन चांगल्या जेवणाची सोय करतो. तो खाणावळवाला बार्टल्बीला सभ्य घराण्यातला खोटे दस्तऐवज करणारा समजतो. नकला करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याविषयी तुरुंगाला सुचलेला हा तर्क! बार्टल्बी जेवत नाही. उंच भिंतीच्या पायथ्याशी, अंगणातल्या हिरवळीवर, पाय पोटाशी घेऊन तो मरतो.

शेवटची पुरवणी अनेक टीकाकारांना कृत्रिम वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. बार्टल्बी पूर्वी वॉशिंग्टनच्या बेवारशी पत्रांच्या कचेरीत होता, असे वकिलाच्या कानी येते. ही कचेरी १८२५ पासूनची. १८५५ मध्ये टपालहशील आगाऊ भरणे सक्तीचे होईपर्यंत ते बहुधा पत्र घेणाराने भरावयाचे असे. त्याला पैसे भरणे नको झाले, किंवा तो सापडला नाही, की पत्र शेवटी येथे येई. कथेत अशी पत्रे दरसाल गाड्या भरून जाळली जातात, आणि तत्पूर्वी ती फोडून पाहणाऱ्या कारकुनाला कधी घडीतून अंगठी सापडते, कधी गरजूसाठी पाठविलेली नोट. सरकार बदलले तेव्हा बार्टल्बीची तीही नोकरी गेली. वकील हे सारे निव्वळ अफवा म्हणून सांगतो; तिला आधार कितपत आहे, हे आपणांस ठरविता आले नाही, असे तो स्वतःच म्हणतो.